पाण्याला सांगितलेली नावं

१

गोंदियाच्या माणसाला समुद्राशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे उमेंद्र पटलेनं समुद्रात होडी घालून मासे धरायचं ठरवलं, तेव्हा बिरसीच्या विमानशाळेतल्या, म्हणजे वैमानिक घडवणाऱ्या शाळेतल्या, कँटीनला चघळायला चांगला विषय मिळाला. उमेंद्र तिथं इलेक्ट्रिशियन होता. काट्याच्या भीतीनं निम्मा मासा ताटात टाकणारा, तलावात कमरेपुढे पाणी आलं की मागं फिरणारा हा माणूस, आणि म्हणे मालवणला जाऊन गोबरा धरणार! गोबरा म्हणजे समुद्राच्या तळाशी, खडकांच्या कपारीत राहणारा मासा. हे ज्ञानही उमेंद्रला मोबाइलवरच मिळालं होतं. त्या सुमारास मोबाइलवर व्हिडिओ बघणं नुकतंच परवडायला लागलं होतं आणि रिकामटेकड्यांची मोठीच सोय झाली होती.

खूळ मुळात नंदलालचं. नंदलाल हा उमेंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. गोंदियाच्या बाजारात त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, पण घर पिढीजात मासेमारीचं, बिरसीच्या पलीकडच्या एका गावात, तलावाला लागून. त्याचा धाकटा भाऊ श्यामलाल दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच तलावात बुडाला होता. डोंगी उलटी तरंगताना सापडली, पोरगा सापडलाच नाही. उमेंद्रनं तेव्हा कामावर सुट्टी टाकली होती. कमरेला दोर बांधून तो सगळ्यांबरोबर चिखलात उभा राहिला होता, आणि नंदलालला धरून धरून घरी नेण्याचं कामही त्यानंच केलं होतं.

त्यानंतर नंदलाल हसायचाच बंद झाला. एक दिवस दुकानात त्यानं उमेंद्रला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा समुद्रात एक माणूस लांबट प्लॅस्टिकच्या होडीत बसून, भलंमोठं तोंड वासलेला लाल मासा वर ओढत होता.

"आपून जाऊन पाहू काय गा?" नंदलालनं विचारलं आणि तो हसला.

त्या हसण्यासाठी उमेंद्र हो म्हणाला. त्याची बायको रुची तेव्हा सातव्या महिन्यात होती. "एकदा जाऊन येतो, मंग बाळ आणि मी," असं त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "वापस या म्हणजे झालं."

२

तयारी मात्र त्यांनी मन लावून केली. नागपूरकडे तलावाकाठचं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, तिथून दोघांनी मिळून तसलीच एक जुनी होडी, कयाक, घेतली. नारिंगी रंगाची, वरून उघडी, एकामागे एक अशा दोन बैठकांची. ती मालवणला न्यायची कशी, हा प्रश्न गोंदियाच्या पद्धतीनं सुटला. राइस मिलचा ट्रक कोकणात तांदूळ घेऊन जाणार होता, त्याच्या पोत्यांवर ती बांधायची. मालवणच्या एका मासेमाराशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, सकाळी निघा, दुपारी वारा सुटायच्या आत काठाला या, आणि गोबरा गळाला लागला की त्याला क्षणभरही सैल सोडू नका. सैल सोडला तर तो कपारीत शिरतो, अंग फुगवून बसतो, आणि मग दोरी तुटते पण मासा येत नाही.

सराव दर रविवारी नंदलालच्या गावच्या तलावात. पहिल्या रविवारी नंदलालचे वडील यादोराव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन बसले होते. कयाक पाण्यात ढकलल्यावर नंदलाल काठाशी वाकला. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, ओठांजवळ नेलं, काहीतरी पुटपुटला आणि पाणी परत तलावात सोडलं.

"हे काय करून राहिला?" उमेंद्रनं विचारलं.

"घरची रीत हाये. पाण्यात जाणाऱ्याइची नावं पाण्याले सांगा लागते. जेवढी सांगतली तेवढीच माणसं पाणी वापस देते. श्याम गेला त्या दिवशी रागारागात एकटाच गेला. कोनी नाव सांगतलं नोयतं."

"मंग माझं?"

"दोघाइची सांगतली ना," नंदलाल म्हणाला.

उमेंद्रला फार बरं वाटलं. त्याच्या घरी सात पिढ्यांत धान सोडून कोणी कशाला हात लावलेला नव्हता. पाण्यातल्या माणसांनी आपलं नाव पाण्याला सांगावं, याचं त्याला कौतुक वाटलं, आणि तो थोडा मिरवतच मागच्या बैठकीवर बसला. यादोराव मात्र उठून घराकडे चालू लागले होते. सराव बघायला म्हणून आलेला म्हातारा सराव सुरू व्हायच्या आत का उठला, असा प्रश्न उमेंद्रला पडला. पण तेवढ्यात कयाक डगमगली आणि प्रश्न राहून गेला.

३

समुद्रात कयाक उलटली तर पुन्हा तिच्यावर चढता आलं पाहिजे, असं सगळ्या व्हिडिओंत सांगितलेलं असतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी ती मुद्दाम उलटवली.

उमेंद्र खाली गेला. लाइफ जॅकेट असूनही गेला, कारण डोकं नेमकं होडीच्या पोटाखाली अडकलं. वर उन्हातलं प्लॅस्टिक नारिंगी दिसत होतं, खाली काही दिसत नव्हतं. त्याची जी काही त्रेधा उडायची ती उडाली. त्यानं हातपाय झाडले आणि वरखाली कुठं हेच कळेनासं झालं. मग कोणीतरी त्याच्या दोन्ही काखांत हात घातले, आणि धानाचं पोतं ट्रकवर द्यावं तसं त्याला वर दिलं.

तो खोकत बाहेर आला. नंदलाल कयाकच्या दुसऱ्या टोकाला, तिचं नाक धरून लटकला होता.

"बरा धरला बे तू मले," उमेंद्र म्हणाला.

नंदलालनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पाण्याकडे पाहिलं. "हाव," तो म्हणाला.

दोघांच्या मध्ये अख्खी होडी होती. उमेंद्रनं याचा विचार केला नाही असं नाही. तो वायरिंग करणारा माणूस, करंट कुठून आला हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं स्वतःला समजावलं की घाबरल्यावर अंतराचा अंदाज चुकतो, आणि जॅकेटचे पट्टे काखेत रुततात ते हातासारखेच वाटणार. हे पटण्यासारखं होतं. फक्त पट्ट्यांना बोटं नसतात, आणि त्याच्या काखेत उजवीकडे चार आणि डावीकडे चार असे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले.

परत येताना एक गंमत झाली. पहिल्या रविवारी दोघांची वल्ही एकमेकांवर आपटून आपटून बेजार झाली होती. आता मात्र उमेंद्रचं वल्हं नंदलालच्या वल्ह्याबरोबर उठत होतं, त्याच्याबरोबर पडत होतं, जणू दोघं लहानपणापासून एकाच डोंगीत बसत आले होते. पुढं बसलेल्या नंदलालचे खांदे गदगदत होते. थंडी वाजत असेल, असं उमेंद्रला वाटलं.

४

सरावानंतर जेवण नंदलालकडे. त्याची आई रुख्माबाई आग्रहाला जबरी होती. त्या दिवशी तिनं आंबाडीची भाजी झिंगे घालून केली होती. आंबाडी उमेंद्रला जन्मात कधी आवडली नव्हती. तिच्या आंबटानं त्याचे दात शिवशिवत. नको कसं म्हणावं, म्हणून त्यानं एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग ताट पुढं करून आणखी मागितली.

रुख्माबाईचा हात पळीसकट थांबला. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि भाजी वाढली, भरपूर वाढली, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "खा बाबू. पोटभर खा. किती वाळला तू."

उमेंद्र चांगला जाडजूड होता. वाळला म्हणणारं त्याला आजवर कोणी भेटलं नव्हतं. तो हसला, पण कोणी हसलं नाही. नंदलाल ताटात बघून जेवत होता. यादोराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं.

"उमेंद्र, तू कायले जातं समुद्रावर?" ते एकदम म्हणाले. "घरी लक्ष्मी पोटुशी हाये तुझी. नको जाऊ. आता जा घरी आणि या तलावावरबी नको येऊ."

"तुमी चूप बसा!" रुख्माबाई एवढ्या जोरात ओरडली, की दारातली कोंबडी फडफडत पळाली. मग ती पुन्हा उमेंद्रकडे वळली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बुढा झाला तो. त्याचं नको मनावर घेऊ."

निघताना तिनं त्याला कोरडा शर्ट दिला, श्यामलालचा. श्यामलाल अंगानं किडमिडीत होता. शर्टाची बटणं लागली.

५

त्या आठवड्यात उमेंद्रनं विमानशाळेच्या फोनवरून घरी फोन केला. रुचीनं उचलला.

"हॅलो, मी."

"कोन मी?"

"मी म्हणजे मी," तो हसत म्हणाला.

"कोन पाहिजे तुमाले?" रुचीनं परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं. त्यानं नाव सांगितलं. "आवाज बसला काय तुमचा?" ती म्हणाली. "मले वाटलं दुसरंच कोनी हाये."

आवाज बसला असणार. तलावाचं पाणी नाकातोंडात गेलं होतं, दुसरं काय. मालवणवाल्याचा फोन आला, त्यानं सहज विचारलं, पोहायला येतं ना दोघांना? "मले तं चालाच्या आधी पोहता येत होतं," उमेंद्र म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसला. पोहायला तो कॉलेजात शिकला होता, तेही कुत्र्यासारखं पाय मारत.

रुची रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपायला लागली. का, ते तिलाही सांगता येईना. "तुमच्या अंगाले गाळाचा वास येते," एवढंच ती म्हणाली. तो दोनदा साबण लावून आंघोळ करून आला, तरी ती भिंतीकडेच सरकून झोपली. तिसऱ्या रविवारी जाऊ नये असं त्याच्या मनात आलं. मग नंदलालचं दोन वर्षं बंद पडलेलं हसू आठवलं, आणि तो गेला.

६

तिसऱ्या रविवारी मोबाइलच्या पिशवीची चाचणी होती. समुद्रात मोबाइल भिजू नये म्हणून घेतलेली पारदर्शक पिशवी खरंच पाणी थोपवते का, हे बघण्यासाठी उमेंद्रनं रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल तिच्यात घातला आणि कयाकच्या नाकाला बांधला. नाक काठाला टेकलेलं होतं. नंदलाल तिथंच वाकला, ओंजळ भरली, पुटपुटला. मग सराव नेहमीसारखा झाला, कयाक उलटली, उमेंद्र खाली गेला आणि वर आला.

सोमवारी दुपारी कँटीनमध्ये चहा घेताना त्यानं ते रेकॉर्डिंग लावलं. पिशवी उत्तम होती. ओठ मोबाइलच्या जवळ आले होते, शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"मी नंदलाल. माझा भाऊ श्यामलाल. दोघं जातो, दोघाइले वापस दे."

बस. पाणी सोडल्याचा आवाज, आणि मग उमेंद्रचा स्वतःचा आवाज, "झालं काय बे? चाल."

त्यानं ते पुन्हा लावलं. पहिल्यांदा त्याला भडभडून आलं. बिचारा नंदलाल, अजून भावाचं नाव घेतो. मग चहा निवेपर्यंत तो एकच गोष्ट मनात उलटसुलट करत राहिला. दोन नावं होती. तिसरं नव्हतं. तीन रविवार तो त्या पाण्यात गेला होता, आणि पाण्याला तो गेल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. मग पाण्यानं दर वेळी परत दिलं ते कोणाला?

त्यानं स्वतःला खूप हसायचा प्रयत्न केला. शिकलासवरलेला माणूस, पाण्याला काय कान असतात? पण दुखणं पाण्याचं नव्हतंच. दुखणं हे होतं की नंदलालच्या मते पाण्याला कान होते. नंदलालचा त्या रीतीवर जीव तोडून विश्वास होता, आणि तो विश्वास ठेवूनच त्यानं उमेंद्रला नाव न सांगता पाण्यात नेलं होतं. एकदा नाही, तीनदा. कमरेला दोर बांधून ज्यानं त्याच्या भावाला शोधलं, त्याला. उमेंद्र कँटीनमध्ये सगळ्यांसमोर रडला.

७

तो तसाच नंदलालच्या गावी गेला. नंदलाल दुकानात असायचा त्या वेळी, पण तो घरीच होता. कयाकजवळ बसला होता, वाट बघत असल्यासारखा. उमेंद्रनं रेकॉर्डिंग लावून मोबाइल त्याच्या कानाशी धरला.

नंदलालनं शेवटपर्यंत ऐकलं. नाकारलं नाही, हीच गोष्ट उमेंद्रला सर्वांत जास्त लागली. निदान खोटं तरी बोलावं माणसानं.

"काऊन बे?" उमेंद्रनं विचारलं. "काऊन असं केलं तू? मी कोन होतो तुझा?"

"तूच होता म्हणून," नंदलाल म्हणाला. "दुसरा कोनी मायासंग आलाच नसता. तुझ्या घरी येनारा येऊन राहिला, उमेंद्र. माया घरचा गेला. माय दोन वर्सापासून दाराची कडी लावत नाई, ठाऊक हाये तुले?"

"आणि समुद्र? मालवण?"

"तलावात थोडं थोडं होते," नंदलाल खाली बघत म्हणाला. "मोठ्या पाण्यात एकाच डावात झालं असतं. तुले तरासबी नसता झाला."

म्हणजे गोबरा, मालवण, तांदळाचा ट्रक, एवढे दिवस रात्ररात्र बघितलेले व्हिडिओ, दोघांनी मिळून केलेले बेत, हे सगळं एवढ्यासाठीच होतं. उमेंद्रला त्याच्या कानफटात द्यायची होती. हात उचलला, तर तो डावा हात होता. उमेंद्र उजव्या हाताचा होता.

यादोराव दारात आले. "त्याले त्याचं नाव सांगू दे, नंद्या," ते म्हणाले. "पाण्यात उतरून, त्याच्याच तोंडानं. पाणी ऐकते. अजून ऐकन."

मागं रुख्माबाई उभी होती. या वेळी तिनं म्हाताऱ्याला गप्प केलं नाही, आणि हे उमेंद्रच्या लक्षात आलं असतं, तर तो तिथूनच पळाला असता. पण त्याला घाई झाली होती. नाव सांगायचं, घरी जायचं, रुचीला हाक मारायची आणि तिनं आपला आवाज ओळखायचा, एवढंच त्याला दिसत होतं.

८

भर दुपार होती. वर विमानशाळेचं छोटं विमान घुरघुरत चकरा मारत होतं. दोघं गुडघाभर पाण्यात उतरले, कयाक मध्ये धरून. यादोराव आणि रुख्माबाई पाळीवर थांबले.

"मी सांगतो," उमेंद्र म्हणाला.

"सांग," नंदलाल म्हणाला. त्यानं जराही अडवलं नाही.

उमेंद्रनं ओंजळ भरली. ओंजळीत त्याचं तोंड दिसलं. उन्हाच्या तिरिपीत ते हलत होतं, आणि त्याला वाटलं, आपले केस इतके ओले कसे. तो अजून डोक्यानं भिजला नव्हता. ओंजळीतल्या तोंडाचे ओठ भराभरा काहीतरी बोलत होते. त्याचे स्वतःचे ओठ मिटलेले होते.

त्यानं नाव घेतलं. स्वच्छ, मोठ्यानं, पाळीपर्यंत जाईल असं.

"श्यामलाल," तो आवाज म्हणाला.

मग ओंजळ रिकामी झाली.

उमेंद्रला वर नारिंगी पोट दिसलं, होडीचं. त्याच्या पलीकडे ऊन होतं. बाजूला चार पाय गाळात रोवलेले होते, दोन नंदलालचे, दोन किडमिडीत. वरून कोणीतरी रडत होतं, हसत होतं, पाणी मध्ये असल्यामुळे सगळं दबून येत होतं. रुख्माबाई होती. "आला गा! आला माया पोरगा!" त्यानं हात वर करायचा प्रयत्न केला, पण गाळानं तो हलू दिला नाही. त्यानं हाक मारली. रुचीला नाही, ती ऐकणार नव्हती. त्यानं नंदलालला हाक मारली, शाळेत मारायचा तशी, आणि पुढं आपलं नाव सांगितलं. उमेंद्र. मी उमेंद्र. तोंडातून निघालेले बुडबुडे वर गेले आणि नंदलालच्या पोटरीशी फुटले.

नंदलालचे पाय थांबले. त्याला ऐकू आलं होतं. उमेंद्र इतकी वर्षं त्याला ओळखत होता, एवढं त्याला नक्की कळलं. पाय काही वेळ तसेच राहिले. मग ते वळले, आणि भावाच्या पायांबरोबर काठाकडे चालू लागले.